गावपळणीत भरलेली शाळा

१

शाळेचं कुलूप जसंच्या तसं होतं, आणि आत शाळा भरून गेली होती!

विमलाबाईंनी किल्ली फिरवली, दार ढकललं आणि उंबऱ्यावर उचललेलं पाऊल तसंच मागे घेतलं. त्यांच्या पाठीला चिकटून उभ्या असलेल्या सुगंधाने काखेखालून डोकं घातलं. गावच्या मुंबईकर मंडळाने पाठवलेला देवदारी खोका कोपऱ्यात उघडा पडला होता. झाकण भिंतीला नीट टेकवून उभं. आणि जमिनीवर नव्याकोऱ्या पाट्या, दारापासून खोक्यापर्यंत, ओळीने मांडलेल्या. जणू एकेका पाटीमागे एकेक पोर मांडी घालून बसलं होतं आणि आत्ता, दार करकरलं तेव्हाच, उठून गेलं होतं.

प्रत्येक पाटीवर एकच अक्षर. ग. वाकडा ग, लंगडा ग, थरथरता ग. जिकडे पाहावं तिकडे ग.

"बाई," सुगंधा कुजबुजली, "जमीन बघा."

सारवलेली जमीन तुळतुळीत होती. तिच्यावर एकसुद्धा पाऊल उमटलेलं नव्हतं.

आता हे कुठल्याही गावात घडलं असतं तर लोकांनी चोर शोधला असता. पण कांदळवळात गेले तीन दिवस चोरसुद्धा नव्हता. देवाने कौल दिला होता, मार्गशीर्षातली गावपळण झाली होती. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी वेशीबाहेर. अर्धा गाव महादूच्या होडीने खाडीपलीकडे जाऊन माडाच्या झावळ्यांच्या खोपींत राहिला, अर्धा गुरं घेऊन वर सड्यावर, कातळाच्या माळावर. तीन दिवस गाव एकट्या ग्रामदेवाचा, रवळनाथाचा. चूल पेटायची नाही, दिवा लागायचा नाही, कोंबडा आरवायचा नाही. खाडीपलीकडून सुगंधाने पाहिलं होतं ना: उन्हात सगळी घरं डोळे मिटून बसल्यासारखी दिसत होती.

आणि त्या गावात कुणीतरी शाळा भरवली होती.

बघता बघता देवळाचं अंगण माणसांनी भरलं. शाळा देवळाच्याच धर्मशाळेत भरायची, त्यामुळे भिकाजी मानकरी दोन पावलांत आले. देवासमोर गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराचा. त्यांनी पाट्यांकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"मी तेवाच म्हटलेलंय," ते म्हणाले, "देवाच्या जाग्यार नवी वस्त आणूची तर आधी कौल घेवचो. मुंबयकारांका कोण सांगतलो! पैसे जमवले, खोको धाडलो, झाला. आता बघा. देवान स्वता सांगितल्यान."

"काय सांगितलं?" विमलाबाईंनी विचारलं. त्या वालावलच्या, मंडळाच्या पगारावर इथे आलेल्या. 

"ही शाळा तेची. तुमची न्हय. उद्या सकाळी गाऱ्हाणां घालतंय. खोको परत जायत, आणि तुमीय बाई, बोटीचा बघा."

सुगंधाने बाईंचा पदर घट्ट धरला. एप्रिलमध्ये मालवणला सातवीची फायनल परीक्षा. कांदळवळातून त्या परीक्षेला बसणारी ती पहिलीच मुलगी, आणि बाई गेल्या की तिला बसवणारं दुसरं कुणी नाही. एका 'ग'ने तिची सातवी गिळून टाकली होती!

तेवढ्यात गर्दीतून महादू पुढे आला. पांढराफटक.

"मानकऱ्यानु, तो नुसतो लिवी नव्हतो," तो म्हणाला. "तो म्हणी पण होतो. मी आयाकलंय."

२

महादू होडीच्या कडेवर बसून जाळं सोडवत होता. सुगंधा समोर चिखलात उभी. सबंध गावात त्याच्याकडेच होडी. खाडीपलीकडून कुणी वेशीत परतलं असेल तर त्याच्याशिवाय कोण?

"म्हादूमामा, तू गावात गेल्लंस?"

"गे चेडवा, माका जीव जड झालो हा काय? मी पाण्यातच होतंय. दुसऱ्या दिसा दुपारी जाळां बघूक इलंय, कांदळांच्या झाडांआड. भायर पाय नाय ठेवलंय, तुझी शपथ."

"माझी कित्याक? तुझी घाल."

महादूला हसू आलं नाही. "सगळा गप्प होता गो. इतक्या गप्प की माझो माकाच श्वास मोठो वाटा होतो. आणि देवळाकडसून इलो आवाज. गऽऽ... मगे थांबलो. मगे परत, गऽऽ. बायलमाणसाचो. जसा कोण पोराक निजयता, तसो."

सुगंधाने होडीची कड पकडली. तिने विचारलं, "आणि?"

"आणि आदल्या तिन्हीसांजेक तां दुसरा. तां तर तूय आयाकलंस."

ऐकलं होतं. सगळ्या खोपींनी ऐकलं होतं. सूर्य बुडताना ओसाड गावातून एक लांबलचक कण्हणं पाण्यावरून सरपटत आलं होतं. खालून वर चढलेलं, मध्येच तुटलेलं. बायकांनी पोरांचे कान झाकले. गावाचा राखणदार फिरतो, म्हणाले सगळे. त्या वेळी विमलाबाई सुगंधाच्या शेजारी बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांचेही हात थांबले होते.

"मामा, तू शाळेत कितवीपर्यंत गेल्लंस?"

"दुसरी. मास्तरान पाटी डोक्यात घातल्यान तेवा सोडलंय. कित्याक?"

"असाच," सुगंधा म्हणाली. पण ते असंच नव्हतं. काहीतरी तिच्या डोक्यात खुपायला लागलं होतं, आणि ते काय ते तिला अजून कळत नव्हतं.

३

बाई ट्रंक भरत होत्या.

"सुगंधा, लोक माझ्याकडे बघतायत. एक किल्ली माझ्या कमरेला होती, दुसरी देवळाच्या किल्ल्यांबरोबर मानकऱ्यांच्या घरात, खुंटीला. ती खुंटी तीन दिवस रिकाम्या घरात लटकत होती. मग उरले कोण?"

"तुम्ही माझ्या बाजूला होता! मी सांगेन ना सगळ्यांना!"

"तू माझी लाडकी. तुझं कोण ऐकणार?" बाईंनी लुगड्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली. "माझा भुतांवर विश्वास नाही. पण आज मला दुसरं उत्तरही सापडत नाही, हे तुला खरं सांगते."

सुगंधाला असा राग आला! भुताचा नव्हे, त्या घडीचा. ती तडक शाळेत गेली आणि दार आतून ओढून घेतलं.

आत गार होतं. उजेड कौलांमधून तिरपा पडत होता. पाट्या तिच्याकडे बघत होत्या. हो, अगदी बघत होत्या, तसंच वाटत होतं. आपण वळलो की मागच्या ओळीत कुणीतरी हसेल. सुगंधाने मोठ्याने खाकरून घेतलं, परकर खोचला आणि पहिल्या पाटीपाशी उकिडवी बसली.

पहिला ग म्हणजे नुसती काठी आणि एक गाठ. दुसरा त्याहून वाईट. पुढच्या ओळीत गाठीला पोट आलं होतं. मधल्या ओळीत डोक्यावरची रेघ सापडली होती, पण छप्पर उडाल्यासारखी. आणि अगदी शेवटी, खोक्याजवळ, एक ग सरळ उभा होता. गोल, ताठ, पाय घट्ट रोवून.

सुगंधा धावतच बाईंकडे आली.

"बाई, भूत सुधारतं का?"

"काय?"

"दारापासून खोक्यापर्यंत अक्षर सुधारत गेलंय. देवाला ग येत नसेल का? आणि भूत असेल तर ते सराव कशाला करील? हे कुणीतरी शिकत होतं!"

बाईंचे हात थांबले. "मग पोर असेल. कुणीतरी खोडकर—"

"पोर नाही." आणि खुपत होतं ते एकदम बाहेर आलं. "बाई, चुकलं की आम्ही काय करतो? थुंकी लावतो आणि पुसतो! तुम्ही कितीही ओरडा. महादूमामा दुसरीपर्यंतच गेलाय, पण तोसुद्धा पुसेल. इथे एकही पाटी पुसलेली नाही. चुकलं की नवी पाटी घेतली. का? तर पाटी पुसता येते हेच त्याला ठाऊक नव्हतं."

"जन्मात पाटी हातात न धरलेला माणूस," बाई हळूच म्हणाल्या.

"बाई. महादूमामाने बाईचा आवाज ऐकलाय."

 गावात पाटी न धरलेल्या बायका म्हणजे जवळजवळ सगळ्याच.

"पण ती जमीन, सुगंधा," बाई म्हणाल्या. "चालून गेली, तर पाऊल कुठे गेलं?"

४

उत्तर घरी मिळालं, आणि तेही शिव्यांत.

"खंय भटाकतंस गो?" आई परसातून ओरडली. "घर तीन दिस बंद, सगळा सारवूक व्हया, आणि गोठ्यात शेणाचो एक पो नाय! म्हशीन सगळा सड्यारच सोडल्यान. जा, कोणाकडे मिळता काय बघ."

"कोणाकडेच नाय, आये?"

"खंयसून असताला? गुरां आताच इली. आख्ख्या गावात तीन दिस शेपूट हललां नाय."

सुगंधा घमेलं हातात घेऊन जागच्या जागी उभी राहिली. मग ते घमेलं तसंच घेऊन शाळेकडे पळत सुटली. आईची हाक अर्ध्या वाटेपर्यंत मागे आली.

शाळेतलं सारवण आठवड्यापूर्वीचं असायला हवं होतं. पोरांनीच शनिवारी सारवलेलं. सुगंधाने खोक्याच्या आडोशाला, जिथे ऊन पोचत नाही, तिथे बोट दाबलं. ओलं. हिरवं. बोट नाकाशी नेलं, ताजं! आणि हाताचे फराटे पाट्यांच्या कडेकडेने वळून गेले होते. एक पाटी उचलली तर खाली जुनी, उडालेली जमीन. म्हणजे पाट्या आधी मांडल्या, सारवलं नंतर. खोक्यापासून सुरुवात करून, मागे मागे सरत, उंबऱ्याबाहेर. तसं सारवलं की शेवटचं पाऊल हात स्वतःच पुसतो. सुगंधा रोज घरी असंच तर करत होती!

पण शेण कुठलं? सड्यावरून कोण चोरून उतरताना शेण घेऊन येईल?

ती एकेका गोठ्यात डोकावत निघाली. उन्हं उतरली होती. सगळ्या गोठ्यांचे उकिरडे सुकून पापडासारखे झाले होते. शेवटचा गोठा देवळाच्या भिंतीला लागून. तिथला उकिरडा काळा, ओला, वाफाळता होता.

आत अंधारात काहीतरी हललं. दोन डोळे चमकले. सुगंधाचं घमेलं पडता पडता राहिलं. मग त्या डोळ्यांखाली एक ओलं नाक दिसलं, आणि चार काटक्यांवर उभी राहायला धडपडणारी तांबडी पाडी. बाजूला तिची आई, थकलेली, तिला चाटत. नाळेची गाठ सुकायला लागली होती. दोन-तीन दिवसांची नक्कीच.

ही पाडी सड्यावरून चालत उतरली? की कुणी खांद्यावर आणली? सड्यावरून परतलेल्यांपैकी एकानेही त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आणि नवी पाडी खांद्यावरून गावात येते तेव्हा पोरं किती गलका करतात!

ते कण्हणं. पाण्यावरून आलेलं ते कण्हणं. गाय अडली होती.

हा गोठा भिकाजी मानकऱ्यांचा होता.

मागून एक थंड, ओला हात सुगंधाच्या खांद्यावर पडला.

५

"बोंबलू नको," राधाकाकी म्हणाली.

मानकऱ्यांची बायको. गावात तिचा आवाज कुणी फारसा ऐकलेला नव्हता. तिने सुगंधाला आत ओढलं, गोठ्याचं दार लावलं आणि गवताच्या भाऱ्यावर बसली.

"तुका कळला."

"गाय चालूक शकत नव्हती," सुगंधा म्हणाली. "म्हणून तू रवलंस."

"तेंनी सांगितल्यानी, सड्यार घेवन जा. आणि ते देवाची निशाणां, तरंगां घेवन खाडीपलीकडे पुढे गेले. मी दोन पावलां चलवलंय, ती बसली. पोटात पाडीचो पाय आडवो. सोडून जाव काय मी? सड्यावाल्यांका सांगितलंय, मी खाडीपलीकडे जातंय. तेंका वाटला, मी सड्यार आसय. दोन्हीकडे कोणाक काय नाय." तिने हातांकडे पाहिलं. "बायलमाणूस दोन जाग्यांपैकी खंय तरी असतलीच, असा सगळ्यांका वाटता."

"आणि शाळा?"

राधाकाकीने पाडीचं डोकं कुरवाळलं. पाडी तिच्या पदराला तोंड लावून ओढत होती.

"मी सकाळी शेण काढतंय तेवा भिंतीपलीकडे तुमी म्हणतास. गऽ, मऽ, भऽ. रोज. माका तोंडपाठ झाला. पण तां दिसता कसा, तां खंय माहीत! ह्या वयात पाटी घेवन पोरांत बसलंय तर गाव हसात, आणि हे तर..." तिने मानकऱ्यांचं नाव घेतलं नाही, नुसती मान हलवली. "किल्ली खुंटीक होती. गाव रिकामो. म्हटलंय, एक तरी बघूया. खोक्यातल्या पुस्तकात गणपतीचा चित्र होता, तेच्याखाली तां. गणपतीचो ग, इतक्या कळला."

"सगळ्या पाट्या कित्याक घेतलंस?"

"वाकडा जाय होता. दगडार लिवलेला पुसतला कसा? म्हटलंय, एक तरी बरा जावंदे. झाला तेवा खुशीन रडलंय मी. मगे बघलंय तर सगळो पसारो. एकावर एक ठेवूक गेलंय, पण अक्षरार अक्षर पालथां घालूचा म्हणजे सरस्वतीक तोंडघशी पाडल्यासारख्या. हात वळना नाय. तशेच ठेवलंय, सारवलंय आणि इलंय. पायाची घाण देवाच्या जाग्यार ठेवन कसा जाऊचा?"

सुगंधा तिच्याजवळ सरकली. "काकी, भय नाय वाटला?"

"वाटला तर! पैल्यांदा सारख्या वाटा होता, कोण तरी दारात उभो आसा. पाठीक कळता ना, तसा. वळून बघलंय तर कोण नाय. परत लिवक बसलंय, परत तसाच. मगे मीच म्हटलंय, उभो कित्याक ऱ्हवतंस, बस." ती जराशी हसली. "मगे नाय वाटला."

सुगंधाने नकळत गोठ्याच्या दाराकडे पाहिलं.

"सांगशीत तू?" राधाकाकीने विचारलं. "गावपळण मोडली म्हणतले. उद्या कोणाचा पोर तापान पडला, तरी माझ्यामुळे म्हणतले. जन्मभर."

सुगंधाने डोळे मिटले. एप्रिल, मालवण, बाईंची ट्रंक, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"नाय सांगणार," ती म्हणाली. आणि बोलल्याबरोबर तिला रडू फुटलं.

६

सकाळी देवळाच्या सभामंडपात मुंगीला जागा नव्हती. विमलाबाई खांबाशी, ट्रंक पायाशी. भिकाजी मानकरी नारळ हातात घेऊन देवासमोर उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽ!" सगळा गाव एका गळ्याने.

"तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत—"

"व्हय म्हाराजाऽ!"

गाऱ्हाण्याची रीतच ती. मानकरी म्हणतो, गाव होकार देतो, आणि गावाने होकार दिला की ते वाक्य देवाच्या पदरात पडलं. ते मग परत घेता येत नाही.

"तुझ्या जाग्यार ही शाळा—"

"थांबा!"

गाऱ्हाण्यात कुणी मध्ये बोललं, असं त्या देवळाने कधी पाहिलं नव्हतं. आपलाच आवाज आहे हे सुगंधाला उशिरा कळलं. आता काय, आता मागे कसं फिरणार! तिने एका दमात सगळं सांगितलं: अक्षर कसं सुधारत गेलं, पाटी का पुसली नाही, सारवण का ओलं. "देव नव्हतो, भूत नव्हता. जितां माणूस होता. आणि तां चोरूक नाय इला, शिकूक इला."

कुजबुज वाऱ्यासारखी फिरली.

"कोण?" मानकऱ्यांनी विचारलं.

"तां नाय सांगणार."

"सांगूक व्हया! गावपळणीत कोण गावात होता, तां गावाक कळाक व्हया."

"नाय सांगणार."

"म्हणजे बाईच!" मानकऱ्यांचा आवाज चढला. "शिक्षिकेन शिकवलेली पोपटीण! चला, गाऱ्हाणां पुरा—"

"बा देवा म्हाराजा."

आवाज बारीक होता. मानकऱ्यांचा नव्हता. बायकांच्या बाजूने राधाकाकी पुढे आली आणि नवऱ्याच्या शेजारी, हात जोडून, देवाकडे तोंड करून उभी राहिली. बाईमाणूस गाऱ्हाणं घालत नाही. पण कुठल्यातरी म्हाताऱ्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "व्हय म्हाराजा."

"तीन दिस ह्यो गाव तुझो होतो."

"व्हय म्हाराजा." आता पाच-सहा आवाज.

"मानकऱ्याची गाय अडली. तेवा हाक मारूक तुझ्याशिवाय कोण नव्हतो."

"व्हय म्हाराजा!"

भिकाजी मानकऱ्यांचं तोंड उघडं राहिलं. ते बायकोकडे बघत होते, जणू ती दोन जागांपैकी कुठल्याच जागी नव्हती हे त्यांना आत्ता दिसलं.

"मी रवलंय. तूय होतंस. हातभर आत हात घालून पाडी फिरवलंय, तेवा तू बघी होतंस. तुझ्या घरात बसून पाटी लिवलंय, तांय बघलंस. तुका राग इलो असतो, तर मायलेक दोघांक जिती ठेवलं नसतंस. ठेवलंस म्हाराजा."

"व्हय म्हाराजाऽ!" खांब घुमले. महादूचा आवाज सगळ्यांत मोठा.

"मगे आता ह्या शाळेर जो हात उचलीत, तेचो हात अडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽऽ!"

गेलं. देवाच्या पदरात पडलं. आता त्याला मानकरीसुद्धा काही करू शकत नव्हता, आणि ते मानकऱ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

भिकाजींच्या हातात नारळ होता. गाऱ्हाणं त्यांनी सुरू केलं होतं, ते बायकोने संपवलं होतं, आणि नारळ फोडायचा मान मात्र त्यांचाच होता. ते बराच वेळ त्या नारळाकडे बघत राहिले. मग वाकले आणि पायरीवर तो असा आपटला की पाणी पार सुगंधाच्या परकरावर उडालं.

"आणि जां काय चुकला माकला," ते म्हणाले. ते कुणाकडेच बघत नव्हते. "बायलेचा, नायतर घोवाचा... तां पदरात घे, आणि सगळ्यांचा बरा कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजाऽऽ!"

त्या आरोळीच्या मागून, सगळे गप्प झाल्यावर, खांबापासून आणखी एक आवाज आला. वालावलचा, पुस्तकी, क्षणभर उशिरा पोचलेला. विमलाबाई म्हणाल्या, "होय महाराजा," आणि पायाने ट्रंक भिंतीकडे सरकवली.